सोसायटीत रेझिनचा ड्राईव्हवे केला, दोन पावसाळे काढले, आता रिव्ह्यू देते

कॉन्ट्रॅक्टरचं नाव लिहिणार नाही हे आधीच सांगून ठेवते, मेसेज करूनही विचारू नका. त्याने नंतर बरंचसं काम परत करून दिलं, वॉरंटी अजून चालू आहे, आणि खरं सांगायचं तर जे बिघडलं त्यातलं निम्मं आमच्या कमिटीनेच बिघडवलं. मी खजिनदार, म्हणजे त्यात माझाही वाटा आलाच. तर स्टार असे: रेझिन या वस्तूला पाचपैकी चार, पहिल्या कामाला दोन, दुरुस्तीला चार, कमिटीला दीड.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, १६ फ्लॅट, खाली स्टिल्ट पार्किंग. गेटपासून स्टिल्टपर्यंतचा रस्ता आणि बाजूची गल्ली धरून १२०० स्क्वेअर फूट. आधी पेव्हर ब्लॉक होते आणि पावसाळ्यात मुंबईत पेव्हर ब्लॉकवरून चाललेल्या माणसाला पुढचं सांगायला नको, खालची वाळू वाहून जाते, ब्लॉक डुगडुगायला लागतो, आपण आपले ऑफिसला निघालोय आणि पाय पडला की खालचं गढूळ पाणी पिचकारीसारखं थेट सलवारीवर. दर दिवाळीआधी माणूस बोलवायचा, ब्लॉक उपसायचे, वाळू टाकायची, परत बसवायचे, आणि पुढच्या जुलैत परत तेच.

सेक्रेटरीकाकांची मुलगी इंग्लंडला असते. काका तिच्याकडे तीन महिने राहून आले आणि येताना हे रेझिनचं, म्हणजे बारीक खडी चिकट रसायनाने धरून केलेल्या ड्राईव्हवेचं, खूळ घेऊन आले. तिकडे ते खूप चालतं त्याला कारणही आहे, इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २००८ पासून नियम आहे की घरापुढच्या मोकळ्या जागेत ५ चौरस मीटरपेक्षा जास्त भागावर पाणी न झिरपणारं काही घातलं आणि ते पाणी जिरायला स्वतःच्याच आवारात जागा ठेवली नाही, तर प्लॅनिंगची परवानगी काढावी लागते. झिरपणारं घातलं तर कटकट नाही. म्हणून लोक तिथे हे करून घेतात. एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, काका मोबाईल फिरवत होते, गुळगुळीत, कुठे जोड नाही, बारीक गारगोट्या ओल्या असल्यासारख्या चमकतायत, सगळ्यांनी माना डोलावल्या. पेव्हरच्या कोटेशनच्या तिपटीहून जास्त पैसे लागणार होते तरी सिंकिंग फंडातून, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशांतून, करायचं ठरलं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. यात दोन प्रकार असतात आणि नावं इतकी सारखी की फसायला होतंच. एक रेझिन बाउंड, दुसरा रेझिन बॉन्डेड. बाउंड म्हणजे चिक्की. खडी आणि रेझिन मशीनमध्ये एकत्र कालवून, प्रत्येक खड्याला रेझिन लागलं की ते मिश्रण जमिनीवर ओतून थापीने सपाट करायचं, खड्यांच्या मधे बारीक पोकळ्या राहतात त्यातून पाणी खाली जातं. बॉन्डेड म्हणजे अनारशावरची खसखस. जमिनीवर रेझिनचा थर पसरायचा आणि वरून खडी भुरभुरायची. पाणी झिरपत नाही आणि खसखस जशी ताटलीत सांडते तशी खडी सुटत राहते. बॉन्डेड स्वस्त पडतं. आमच्याकडे तीन कोटेशन आली होती, एक फारच कमी होतं आणि सगळे त्याच्याच मागे लागले होते, नंतर नीट वाचलं तर तो बॉन्डेड देत होता. तेवढं एक मी वाचवलं, बाकी फारसं काही वाचवता आलं नाही.

पहिली चूक तारखेची. एजीएम झाली सप्टेंबरात, मग कुणाला रंग पसंत नाही, कुणाला पार्किंगचे पट्टे आत्ताच हवेत, कुणी म्हणे आधी गळती काढा, असं करत करत वर्कऑर्डर निघाली मे महिन्यात. मग सगळ्यांनाच घाई, पावसाच्या आत उरका. ब्लॉक काढले, २० मेला खाली पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, घातलं, आणि २९ मेला रेझिनवाले हजर. नऊ दिवस. काँक्रीटला २८ दिवस द्यायचे हे मुंबईत कुठल्याही गवंड्याला विचारा, झोपेत सांगेल. कॉन्ट्रॅक्टर एकदा म्हणालासुद्धा, “मॅडम थोडा और सूखने देते,” पण काका म्हणाले, आता नाही तर ऑक्टोबर. मान्सून मुंबईत साधारण ११ जूनला येतो आणि त्याआधी वळवाच्या दोनतीन सरी ठरलेल्याच, हे सगळ्यांना माहीत होतं, पण कमिटीत दहा माणसं एकदम बोलायला लागली की माहिती असून उपयोग नसतो.

ओलाव्याचं एवढं काय ते आधी कळलं असतं तर मी आडवी पडले असते. हे रेझिन पॉलीयुरेथेन, दोन डब्यांत येतं, एक मोठा आणि एक छोटा हार्डनरचा. हार्डनरला पाणी मिळालं की त्यांची रिॲक्शन होते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे बुडबुडे. गादीतला फोम ज्या रिॲक्शनने फुगतो तीच ही. गादीत फुगायलाच हवं असतं, ड्राईव्हवेत नको असतं. म्हणून यात वापरायची खडी भट्टीत वाळवून बंद गोणीत आलेली लागते, खालचं काँक्रीट कोरडं लागतं, आणि काम चालू असताना व नंतरचे काही तास वरून थेंब पडलेला चालत नाही.

आमच्याकडे तिन्ही दिशांनी पाणी आलं. खालून कच्च्या पीसीसीचं. वरून ३१ मेच्या संध्याकाळी आलेली सर. आणि बाजूने, हे सांगायलाच लाज वाटते, खडीच्या गोणी ठेवल्या होत्या त्या बरोबर टाकीच्या ओव्हरफ्लो पाईपखाली. वॉचमनमामा पंप बंद करायला विसरले, अर्धा तास पाणी गोण्यांवर धो धो. गोणी प्लास्टिकची असली तरी शिलाईतून पाणी आत जातंच. सकाळी कामगारांनी वरवर पुसल्या आणि वापरल्या, कुणी कुणाला बोललं नाही, मला तर हे सहा महिन्यांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी गेटजवळचा पट्टा बघितला तर ताकावर फेस धरावा तसा पांढरट फेस खड्यांच्या मधे धरलेला. हात लावला तर वरून कडक, पण नखाने उकरलं की कुरकुरीत, पापडी सुटावी तसा सुटत होता. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला ऊन लागलं की जाईल. ते जात नाही. एकदा फेसाळलं की ते खरवडून काढून नवीन घालणं एवढाच उपाय. त्याच्यावर वरून रेझिनचा हात मारून द्यायचं कुणी बोललं तर नाही म्हणा, खालचा ठिसूळ थर तसाच राहतो.

काँक्रीट सुकलंय का बघायची एक फुकटची युक्ती मला नंतर कळली. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा घ्या, काँक्रीटवर ठेवून चारही कडा टेपने चिकटवा, रात्रभर तसाच राहू द्या. सकाळी आतून घाम आलेला दिसला किंवा खालचं काँक्रीट काळपट झालं असेल तर रेझिनवाल्याला घरी पाठवा. जानेवारीच्या दुरुस्तीच्या वेळी मी स्वतः तीन ठिकाणी लावून बघितलं.

मेचा दुसरा त्रास उन्हाचा. कालवलेलं रेझिन थापायला तसाही थोडाच वेळ मिळतो, वीस-तीस मिनिटं धरा, आणि दुपारी काँक्रीट चटके देण्याइतकं तापलेलं असलं की तेवढाही मिळत नाही. पोरं घाई घाई थापत होती, मिश्रण थापीला चिकटायला लागलं की फडकं टर्पेंटाईनमध्ये बुडवून थापी पुसायची आणि परत फिरवायची. थोडंसं चालतं म्हणे. पण यांचं फडकं गळत होतं. टर्पेंटाईनने रेझिन पातळ होतं, खड्याला धरून बसत नाही, आणि नेमक्या त्याच भागातून पुढे खडे निघायला लागले. महिनाभर आमच्या लिफ्टमध्ये, चपलांच्या खाली, पोरांच्या सायकलच्या टायरमध्ये खडे. पाचव्या मजल्यावरच्या आजी तर डबीत साठवत होत्या, पुरावा म्हणून.

जेवायला सुट्टी घेतली तिथे पण एक रेघ उमटलीये. अर्धं थापून गेले, आले तोवर कडा कडक, पुढचं तिला टेकवून थापलं, तो जोड आज दोन वर्षांनी गेटवरून दिसतो. काम थांबवायचं तर धातूच्या पट्टीपाशी थांबवायचं, मोकळ्या कडेला नाही. आणि रंगाचे ढग झालेत ते वेगळेच, कारण प्रत्येक मिश्रण सारखंच वेळ फिरवलं पाहिजे, खडी रेझिनचं प्रमाण सारखं पाहिजे, यांचं एक दोन मिनिटं फिरलं तर दुसरं चार. घड्याळ लावून माणूस उभा करा. हसू नका, खरंच करा.

आता माझ्या आवडत्या विषयावर येते, डबे मोजणे. मी अकाउंट्समध्ये २२ वर्षं काढली आहेत, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. रेझिनचे रिकामे डबे पंपरूमच्या मागे रचून ठेवले होते, मामांनी त्यातल्या दोनात तुळस आणि कढीपत्ता लावला होता. ते दोन धरून मोठे डबे मोजले, २४. एका मिश्रणाला एक मोठा डबा, एका मिश्रणात साधारण ७ किलो रेझिन आणि वाळू धरून १०० किलोपेक्षा थोडी जास्त खडी, तेवढ्यात १५ मिलिमीटर जाडीने ४ चौरस मीटर होतं, १८ मिलिमीटरने सव्वातीनच्या आसपास. आमचे १२०० स्क्वेअर फूट म्हणजे १११ चौरस मीटर. वर्कऑर्डरमध्ये १८ लिहिलं होतं. म्हणजे ३३-३४ डबे लागायला हवे होते. २४ मध्ये येतात जेमतेम १३ मिलिमीटर. फेसाळलेल्या भागातून एक ढपली निघाली होती ती घेऊन मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी लावली, बारा आणि तेराच्या मधे.

माणसं चालायची असतील तर १२ पण पुरतं. गाड्या येणार असतील तर १५ च्या खाली जाऊच नये, १८ बरं. आमच्याकडे तर मेमध्ये पाण्याचा टँकर येतो. पातळ थरावर टँकरवाल्याने उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की चाकाखालचे खडे दळल्यासारखे निघतात. स्टिल्टच्या तोंडाशी, जिथे सगळेच वळवतात, तिथे चंद्रकोरीसारखे दोन ओरखडे पडलेत, एक टँकरचा आणि एक कुणाचा ते सगळ्यांना माहीत आहे पण मी लिहीत नाही. गाडी थोडी तरी सरकत असताना स्टिअरिंग फिरवा अशी नोटीस लावलीये, लोकांनी वाचली असेल अशी आशा. स्कूटरचा साईड स्टँड उन्हात एकाच जागी टेकला की खड्डा पाडतो, त्याखाली लाकडाचा तुकडा ठेवायचा.

बिल देण्याआधी हा हिशोब मी कॉन्ट्रॅक्टरपुढे ठेवला. तो आधी म्हणाला वेस्टेज, मग म्हणाला खडी जाड होती, मग गप्प बसला. नशिबाने १५ टक्के पैसे मी पावसाळा काढल्यावर देऊ असं वर्कऑर्डरमध्ये आधीच घातलं होतं. काकांना तेव्हा ते बरं वाटलं नव्हतं, विश्वास ठेवायला हवा म्हणे. त्या १५ टक्क्यांमुळेच तो जानेवारीत परत आला, विश्वासामुळे नाही.

पहिल्या पावसाळ्याने उरलेलं सगळं दाखवून दिलं. पाणी झिरपतं हे खरं, बादली ओतली की वरचं पाणी डोळ्यादेखत नाहीसं होतं, पोरांनी पहिला आठवडा तोच खेळ केला. पण झिरपून जातं कुठे? खाली पीसीसी आहे, त्यातून पाणी जात नाही. इंग्लंडमध्ये झिरपणारं हवं असेल तर खाली झिरपणारं डांबर घालतात, त्याच्या खाली मोकळी खडी. आमच्याकडे पाणी रेझिनच्या थरातून खाली उतरतं, पीसीसीवरून उताराने गेटकडे येतं आणि गेटला काय तर चांगला चार इंच कोबा घालून कडा बंद केलेली. अडलेलं पाणी तिथून परत वर. ऊन पडलं, सगळं कोरडं झालं, तरी गेटपाशी दोन दिवस ओल पाझरत राहायची. उपाय साधा होता, सर्वात खालच्या कडेला गटाराच्या जाळीपर्यंत वाट काढून द्यायची, नाहीतर पीसीसीला ठिकठिकाणी भोकं पाडून त्यात धुतलेली बारीक खडी भरायची. हे रेझिनच्या आधी करायचं असतं. आम्ही नंतर केलं, कोबा कापून, रविवारी सकाळी सात वाजता, बिल्डिंगभर शिव्या खात. उताराचंही तसंच आहे, पीसीसीत जिथे खोलगट राहिलंय तिथे वर रेझिन घालून सपाट होत नाही, ते खालच्या खड्ड्याची नक्कल करतं.

भेगांचंही तेच. पीसीसी तुकड्या तुकड्यांत ओतलेलं, मधे जोड, बरोबर त्या जोडावर रेझिनला केसासारखी भेग आली, पट्टीने आखल्यासारखी सरळ. काँक्रीट उन्हापावसाने हलतं, वरचं रेझिन त्याला चिकटलेलं, ते फाटणारच. तो जोड वरपर्यंत आणायचा, पट्टी टाकून मधे लवचिक सीलंट भरायचं. दिसायला थोडं कमी एकसंध दिसतं, काका तेवढ्यासाठीच नको म्हणाले होते.

आणि चेंबर. जुलैत ड्रेनेज तुंबलं, माणूस आला, चेंबर कुठाय? चेंबर नाहीच. रेझिनवाल्या पोरांनी झाकणासकट थापून टाकलेलं, छान गुळगुळीत. जुन्या फोटोवरून अंदाज घेत, भर पावसात छत्र्या धरून, छिन्नी हातोड्याने शोधलं, दुसऱ्या प्रयत्नात सापडलं. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्या चेंबरांचे फोटो काढा, नकाशावर खुणा करा, आणि खोलगट ट्रेवाली झाकणं बसवून घ्या, त्यात तेच मिश्रण भरतात आणि झाकण उचलता येतं.

शेवाळ. गल्लीत ऊन येत नाही, ऑगस्टपर्यंत तिथे हिरवी साय. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दूध आणायला जाताना घसरल्या, मनगटावर निभावलं. रेझिन मुळात घसरडं नाही, पण शेवाळ धरलं की कुठलीही जमीन घसरडीच, आणि उतारावर तर रेझिन ओलं असतानाच वरून बारीक काचेचा चुरा किंवा खरखरीत वाळू टाकायला सांगायची असते म्हणजे पायाला पकड मिळते. आमच्याकडे कुणी टाकली नाही, कुणी मागितलीही नाही. आता आम्ही दर पंधरा दिवसांनी ताठ खराट्याने घासून घेतो आणि पावसाळ्याआधी व नंतर प्रेशर वॉशर. प्रेशर १५० बारच्या आत, नोझल पंख्यासारखं पसरणारं, आणि एका जागी रोखून धरायचं नाही. समोर टॉवरचं काम चालू आहे त्याची सिमेंटची धूळ खड्यांच्या पोकळ्यांत बसते आणि धुतलं नाही तर पाणी झिरपणं हळूहळू बंद होतं, त्यासाठी धुणं जास्त गरजेचं.

रंगाचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. सँपल होतं दुधात केशर टाकल्यासारखं, फिकट क्रीम, मधे थोडे राखाडी खडे. वर्षभरात ज्या भागात ऊन येतं तो सगळा चहासारखा झाला, स्टिल्टच्या आतला मात्र तसाच्या तसा. आम्हाला वाटलं धूळ, दोनदा धुतलं. मग चौथ्या मजल्यावरच्यांची गाडी, ते परदेशात असतात आणि गाडी गेटजवळच्या कोपऱ्यात कव्हर घालून उभी असते, ती बॅटरी बदलायला पहिल्यांदा हलवली. खाली गाडीच्या आकाराचा स्वच्छ क्रीम चौकोन! चाकांच्या जागा सुद्धा कळत होत्या. सगळी बिल्डिंग खाली उतरून बघत होती. धूळ वगैरे काही नाही, ऊन. रेझिनमध्ये ॲरोमॅटिक आणि ॲलिफॅटिक असे दोन असतात, ॲरोमॅटिक स्वस्त, उन्हात पिवळं तपकिरी पडत जातं, ॲलिफॅटिक महाग पण रंग धरून ठेवतं. आमच्या बिलावर नुसतं “पीयू रेझिन” लिहिलेलं. त्याने खोटं लिहिलं नव्हतं, आम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा, आणि डब्यावरचं नाव वर्कऑर्डरमध्ये लिहून घ्या. गडद खडी घेतली तर पिवळेपणा कमी दिसतो, पण गडद मेमध्ये अनवाणी चालवत नाही, खेळणाऱ्या पोरांचा विचार करा.

सणांचं कुणी सांगत नाही ते मी सांगते. गणपतीत मंडपवाला पहार घेऊनच आला, बांबूला खड्डे पाडायचे म्हणून. त्याला गेटवरच अडवला, शेवटी बांबू वाळूने भरलेल्या डब्यांत उभे केले, तेच रेझिनचे रिकामे डबे, म्हणजे २४ पैकी काही तरी कामाला आले. दिवाळीत भुईचक्राने तीन काळे गोल पडले ते आजही आहेत, अनार आणि चक्र आता गेटबाहेर. रांगोळी थेट काढली तर खड्यांच्या मधे जाऊन बसते, मागच्या पाडव्याची गुलाबी मला होळीपर्यंत दिसत होती. खाली प्लायचा तुकडा ठेवून काढा. तेल सांडलं तर लगेच भांड्याच्या साबणाने धुवायचं, पेट्रोल तर तसंच राहू द्यायचंच नाही, रेझिन मऊ करतं.

दुरुस्ती जानेवारीत झाली. मुंबईत या कामाला डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ, हवा कोरडी, ऊन सौम्य, पावसाची भीती नाही. गेटकडचा ३०० स्क्वेअर फुटांचा भाग ग्राइंडरने सरळ रेषेत कापून काढला, खालचं पीसीसी घासून झाडून प्रायमर मारला, कडेला ॲल्युमिनियमची पट्टी, खडीच्या गोणी स्टिल्टच्या आत फळीवर, पंपाची चावी त्या दिवशी माझ्याकडे. काम सकाळी आठला सुरू, साडेअकराला संपलं. ॲलिफॅटिक रेझिन, त्याच्या फरकाचे पैसे आम्ही दिले, मजुरी त्याची. नऊ डबे फोडले, मी बाजूला खुर्ची टाकून बसले होते, पोरं मला “गिनतीवाली आंटी” म्हणत होती ते ऐकू येत होतं. १८ मिलिमीटर आहे, कापलेल्या कडेला पट्टी लावून बघितलं. त्यावर एक दिवस माणसं सोडली नाहीत आणि तीन दिवस गाड्या, सगळ्यांनी गाड्या बाहेर लावल्या आणि दोघांना ट्रॅफिकवाल्यांचा दंड बसला, तो सोसायटीने भरावा का यावर पुढची मीटिंग झाली.

त्यानंतरचा पावसाळा त्या भागाने काढला, एक खडा सुटलेला नाही, फेस नाही, पाणी जाळीत जातं. गेटमधून चपलेने आत येताना पायाला कोरडं लागतं, हे पेव्हरच्या दिवसांत कधी झालं नव्हतं. वस्तूला चार स्टार त्यासाठी. रंग मात्र जुळलेला नाही, नवीन भाग दूध आणि जुना चहा, पोरांनी त्या पट्टीची क्रीज केली आहे.

उरलेल्या ९०० फुटांचं काय करायचं ते यंदाच्या एजीएममध्ये ठरेल, आणि सप्टेंबरात ठरलं तर जानेवारीतच करायचं हे मी आत्ताच लिहून दिलंय. त्याच बॅचच्या खडीच्या दोन गोणी पॅचसाठी जास्तीच्या मागून घेतल्या होत्या, त्या पंपरूममध्ये विटांवर ठेवल्यात, ओव्हरफ्लोपासून लांब. वॉचमनमामा दुपारी त्यावर बसून डबा खातात. बसू दे, पण वापरू देऊ नका, एवढं त्यांना सांगून ठेवलंय.